पिकवतो, वाहतो, रांधणार कधी?

जून उजाडला की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या घरांमध्ये दोन निर्णय एकाच वेळी येऊन बसतात. एक शेताचा: यंदा टोमॅटो किती लावायचा. दुसरा मुलांचा: दहावी-बारावी झाली, आता कुठे घालायचे. वरकरणी या दोहोंचा काही संबंध नाही, पण दोन्ही निर्णय होतात एकाच रीतीने. गेल्या साली शेजाऱ्याला काय लाभले ते पाहायचे आणि आपणही तेच धरायचे. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला, तेव्हा ज्याच्या शेतात तोडा चालू होता त्याचे सोने झाले. ते सोने पाहून अनेकांनी रोपे लावली. सप्टेंबर येईपर्यंत भाव असा कोसळला की तोडणीची मजुरी आणि गाडीभाडेही सुटेना. अर्थशास्त्रात या चक्राला कोळ्याच्या जाळ्याची उपमा आहे. मॉर्डेकाय इझेकिएल या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९३८ मध्ये त्याची मांडणी केली. आजचा भाव पाहून लावलेले पीक उद्याच्या बाजारात येते, आणि तोवर तोच भाव पाहून सगळ्यांनीच लावलेले असते. पुढे १९७० च्या दशकात रिचर्ड फ्रीमन यांनी हेच गणित अभियंत्यांच्या नोकऱ्यांना लावून दाखवले. पगार चढला की कॉलेजे भरतात, ती मुले बाहेर पडेपर्यंत पगार उतरलेला असतो. फरक इतकाच, की टोमॅटोची चूक दोन-अडीच महिन्यांत कळते आणि पुढच्या हंगामात सुधारता येते. पदवीची चूक कळायला चार वर्षे लागतात, आणि वयाला पुढचा हंगाम नसतो.

महाराष्ट्राने हे जाळे पुन्हापुन्हा विणले आहे. एके काळी डीएड म्हणजे हमखास नोकरी, अशी खेडोपाडी समजूत होती. गावोगाव अध्यापक विद्यालये निघाली, लोकांनी जमिनी गहाण टाकून प्रवेश घेतले. पुढे शिक्षकभरती वर्षानुवर्षे रखडली आणि हातात पदविका असलेली हजारो मुले दुकानात, शेतात, कंपनीच्या गेटवर दिसू लागली. मग अभियांत्रिकीची लाट आली. कॉलेजे इतकी झाली की राज्यात दरवर्षी हजारो जागा रिकाम्या राहू लागल्या. आता लाट सरकारी भरतीची आहे. २०२४ च्या पोलीस भरतीत १७ हजार ४७१ जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले, म्हणजे एका जागेमागे शंभरेक. त्यातले एक निवडले गेले तरी उरलेल्या नव्याण्णवांची धावण्यात, पाठांतरात आणि पुण्यातल्या खोलीभाड्यात गेलेली वर्षे कोणत्याच खात्यात जमा होत नाहीत. म्हणून ‘हे क्षेत्र वाढते आहे’ असे कोणी सांगितले की पालकांनी आधी सावध व्हावे. सध्या त्या यादीत हॉटेल आणि पाककला यांचेही नाव घेतले जाते, आणि तेही याच चाळणीतून गेले पाहिजे. ती चाळणी तीन प्रश्नांची आहे. मागणी आपण उभे आहोत तिथे आहे का? मागणी घटली तर शिकलेले हातात उरते का? आणि शिकताशिकता थोडे कमावत, पायरीपायरीने वर जाता येते का? माझे म्हणणे असे, की जुन्नर-आंबेगावच्या मुलामुलींसाठी स्वयंपाकाचे काम या तिन्ही प्रश्नांना उतरते. मात्र ते कसे आणि कुठे शिकायचे याची निवड नीट झाली तरच.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना एक विसंगती समोर येते. हे दोन तालुके अन्नाच्या धंद्यात आजचे नाहीत. नारायणगावचा टोमॅटो, ओतूर-आळेफाट्याचा कांदा, जुन्नरची द्राक्षे, मंचरच्या बाजारात येणारा सातगाव पठारचा बटाटा हे सारे देशभर जाते. त्या बटाट्याचे चिप्स होऊन पाकिटांतून परत याच टपऱ्यांवर येतात. मुंबईच्या भाजीबाजारात या भागातले लोक पिढ्यान्‌पिढ्या पाय रोवून आहेत. आणि मुंबईचे डबेवाले! १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली ही व्यवस्था उभी राहिली ती प्रामुख्याने मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातल्या माणसांच्या खांद्यांवर. कोविडपूर्वी सुमारे पाच हजार माणसे हे काम करत होती, आणि त्यांच्या शिस्तीचे गोडवे जगभरच्या व्यवस्थापन-वर्गांत गायले गेले. म्हणजे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ आपण अन्न पिकवत आहोत आणि अन्न वाहत आहोत. साखळीतला मधला दुवा, जिथे पन्नास रुपयांचा माल दीडशे रुपयांचे ताट होतो, तो मात्र आपण दुसऱ्यांकडे सोडला. उडुपीच्या माणसांनी तो सोडला नाही. किनाऱ्यावरच्या एका छोट्या मुलखातून निघालेल्या आचाऱ्यांनी मुंबई-पुण्याचा नाश्ता ठरवला. त्याच उडुपीला लागून असलेल्या मणिपालमध्ये १९८६ मध्ये हॉटेल व्यवस्थापनाचे नामवंत महाविद्यालय उभे राहिले. माल आपला, डोक्यावरचा भार आपला, आणि गल्ल्यावर बसलेला माणूस दुसऱ्या मुलखातला. यात त्याचा दोष काहीच नाही. तो आधी भटारखान्यात उभा राहिला होता, एवढेच.

आज तर मागणी दारातून जाते आहे. पुणे-नाशिक महामार्ग मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा असा या दोन्ही तालुक्यांच्या मधोमध धावतो, आणि कल्याण-नगर रस्ता माळशेज चढून आळेफाट्यावर त्याला छेदतो. लेण्याद्री आणि ओझर ही अष्टविनायकांतली दोन स्थाने जुन्नरमध्ये आहेत. भीमाशंकरला जाणारी मोठी वाट घोडेगाव-डिंभ्यावरून आहे. २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला, आणि ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत शिवनेरी आहे. पावसाळ्यात माळशेज आणि नाणेघाटाला गर्दी लोटते ती वेगळीच. पर्यटन हंगामी असते हा आक्षेप रास्त आहे, म्हणून केवळ त्यावर भिस्त ठेवू नये. पण मंचरहून फार लांब नसलेल्या चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात कारखान्यांची उपाहारगृहे बाराही महिने चालतात. १९४८ च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला उपाहारगृह बंधनकारक केले होते. नव्या श्रमसंहितेत ती मर्यादा शंभर कामगारांवर आणली आहे. शिवाय आश्रमशाळा, वसतिगृहे, रुग्णालये, मंगल कार्यालये आहेत. लग्नसराईत पाचशे पानांची पंगत उठवणारा आचारी मिळवताना या भागातल्या यजमानाच्या तोंडचे पाणी पळते, हे कोणत्याही वधुपित्याला विचारावे. पंचतारांकित हॉटेलातला उंच पांढरी टोपी घातलेला शेफ हे या क्षेत्राचे जाहिरातीतले चित्र झाले. कामाचा खरा पसारा उपाहारगृहे, खानावळी, केटरिंग, बेकरी आणि अन्नप्रक्रिया यांत आहे, आणि तो नारायणगावापासून तासा-दीड तासाच्या अंतरात आहे.

दुसरा प्रश्न कौशल्याचा. मागणी उतरली तर हातात काय उरते? इथे आपल्याच ताटातले उदाहरण घेऊ. मासवडी ही या भागाची ओळख. पाण्याला फोडणी द्यायची, उकळी फुटली की बेसन सोडायचे आणि गुठळी होऊ न देता घोटत राहायचे. पिठले घट्ट होऊन कढईची कड सोडू लागले की ते ओल्या फडक्यावर गरम असतानाच थापायचे. हाताला चटका बसतो, म्हणून पाण्यात बोटे बुडवत थापायचे. वर भाजलेले तीळ, सुके खोबरे, लसूण, कांदा यांचे सारण पसरायचे, फडक्याच्याच आधाराने गुंडाळी करायची आणि दाबून तिला माशाचा आकार द्यायचा. पीठ थोडे निवले की गुंडाळी चिरते, थोडे सैल राहिले की वडी कापताना सारण बाहेर येते. हा अंदाज घरोघरच्या बायकांच्या हातात आहे, आणि तो कोणत्याही अभ्यासक्रमाने सहज मिळणारा नाही. पण हीच मासवडी रोज दोनशे ताटांत द्यायची म्हटली की नवे प्रश्न उभे राहतात. दर वेळी बेसनाला पाणी किती, हे वजनाने ठरलेले आहे का? आज शिजवणारा उद्या आला नाही तर चव तीच राहील का? रस्सा सकाळी केला आणि दुपारी तीनला वाढला, तर मधल्या वेळात तो साठ अंशांच्या वर गरम राहिला का? पाच ते साठ अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात, हे भटारखान्यात किती जणांना ठाऊक असते? आणि ताटाची किंमत दीडशे ठेवली तर त्यातला माल पन्नासच्या आत बसतो का? हॉटेलधंद्याचा सर्वमान्य ठोकताळा असा, की कच्चा माल विक्रीच्या साधारण एक तृतीयांशात बसला पाहिजे. उरलेल्यात भाडे, गॅस, मजुरी, नासाडी आणि झालाच तर नफा. महामार्गावरची कितीतरी चविष्ट हॉटेले दोन वर्षांत बंद पडतात ती या एका वजाबाकीपायी.

प्रशिक्षण म्हणजे हातातल्या अंदाजाला माप, तापमान आणि हिशेब यांची जोड. ही जोड मराठी घराला परकी नाही. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये आले आणि लाखो घरांत पोहोचले, त्यामागे एक मोठे कारण होते: ‘अंदाजाने मीठ घाला’ म्हणण्याऐवजी त्यांनी वाटी-चमच्याचे माप दिले. नव्या सुनेला किंवा परगावी राहणाऱ्या मुलाला त्यामुळे आधार मिळाला. माप आले की विद्या हस्तांतरित होते. आणि जी विद्या हस्तांतरित होते ती जागाही बदलू शकते. मंचरच्या खानावळीत सुरी धरायला, वाटण करायला, साठवण लावायला शिकलेला मुलगा चाकणच्या उपाहारगृहात, पुण्याच्या हॉटेलात, जहाजावर किंवा रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात उभा राहू शकतो. गावात परतला तर टोमॅटोचा भाव पडलेल्या आठवड्यात त्याच टोमॅटोची प्युरी किंवा सॉस करून ठेवू शकतो. सरकारी भरतीच्या तयारीत घोकलेले सामान्यज्ञान निवड हुकली की बिनकामाचे ठरते. कांदा बारीक चिरणारा हात कोणत्याही निकालानंतर कामाचा राहतो.

तिसरा प्रश्न पायऱ्यांचा, आणि इथेच पालकांची सर्वाधिक फसगत होते. ‘हॉटेल मॅनेजमेंट’ या नावाखाली काही लाख रुपये घेऊन चकचकीत इमारत दाखवणाऱ्या खासगी संस्था मुबलक आहेत, आणि घरच्यांना वाटते की जितकी फी मोठी तितकी नोकरी मोठी. वस्तुतः या क्षेत्रातल्या भक्कम वाटा सरकारी आणि तुलनेने स्वस्त आहेत. दहावीनंतर आयटीआयमध्ये एक वर्षाचे फूड प्रॉडक्शनचे आणि बेकर-कन्फेक्शनरचे ट्रेड राष्ट्रीय यादीत आहेत. बारावीनंतर पदवी करायची तर राष्ट्रीय हॉटेल व्यवस्थापन परिषदेची प्रवेश परीक्षा आहे. मुंबईत दादरची हॉटेल व्यवस्थापन संस्था १९५४ पासून चालते आहे; लीलावती मुन्शींच्या पुढाकाराने ती सुरू झाली तेव्हा देशात असे शिक्षण नवलाचे होते. पुण्यात शिवाजीनगरला राज्य सरकारची संस्था आहे. या सगळ्यांहून महत्त्वाची, आणि सर्वांत दुर्लक्षित वाट शिकाऊ उमेदवारीची. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ मध्ये आणि पुढे त्याच्या नियमांत २०१९ मध्ये बदल झाले. त्यानुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, आणि अवघी चार माणसे असलेल्या आस्थापनेलाही ते घेता येतात. विद्यावेतन किमान किती, हे नियमाने ठरते. २०१९ च्या नियमांत ते महिना पाच ते नऊ हजारांच्या दरम्यान होते. महामार्गावरच्या बऱ्याच हॉटेलांत चार माणसे असतातच. जर्मनीत आचारी व्हायला तीन वर्षांची अशीच उमेदवारी करावी लागते: आठवड्यातले बहुतेक दिवस भटारखान्यात, एक-दोन दिवस शाळेत, आणि शेवटी परीक्षा. तिथे आचाऱ्याला मान आहे तो या परीक्षेमुळे, टोपीमुळे नव्हे.

तेव्हा संस्था निवडताना इमारत पाहू नये. तिचे स्वयंपाकघर पाहावे, आणि तेही काम चालू असताना. एका चुलीमागे किती मुले उभी आहेत? दहा मुले बघत आहेत आणि एक शिजवतो आहे, असे दिसले तर ती शाळा नव्हे, प्रदर्शन आहे. आठवड्यात प्रत्यक्ष शिजवण्याचे तास किती आणि फळ्यावरचे किती? मालाचा खर्च फीमध्ये आहे की वेगळा उकळला जातो? उमेदवारी कोणत्या आस्थापनेत, किती महिने, आणि विद्यावेतन कोणाच्या खात्यात येते? गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेल्या मुलांपैकी निदान पाच जणांशी बोलू द्याल का? आणि प्रमाणपत्र कोणाचे? ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ असा फलक दारावर असेल तर तिथूनच मागे फिरावे. बी-बियाण्याच्या दुकानात ‘हमखास भाव’ असे कोणी लिहिले तर शेतकरी हसेल, तसे हसून. आणि प्रवेशाआधी मुलाला किंवा मुलीला महिनाभर एखाद्या केटररकडे लग्नसराईत काम करू द्यावे. पहाटे चारला उठून दुपारी तीनपर्यंत भट्टीपुढे उभे राहणे अंगाला मानवते का, हे कळायला त्याहून स्वस्त परीक्षा नाही.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत खरा: या कामात पैसा कमी, तास जास्त. हे नाकारण्यात अर्थ नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत कॉमी, म्हणजे कनिष्ठ आचारी, म्हणून लागलेल्या मुलाचा पगार कंपनीतल्या कंत्राटी कामगाराच्या आसपास असतो. साप्ताहिक सुट्टी कागदावर असते आणि सण आला की रजा रद्द होते. जगाचा सण तो आचाऱ्याचा घाम. पण तुलना कोणाशी करायची ते नीट ठरवावे. ज्यांच्यासाठी हा लेख आहे त्यांच्यापुढे पर्याय संगणक अभियंत्याच्या पगाराचा नसतो. तो असतो चाकणमधल्या सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटाचा, जिथे पाच वर्षे काढली तरी माणूस पहिल्याच पायरीवर राहतो. भटारखान्यात निदान पायऱ्या आहेत, आणि चढणाऱ्याला त्या दिसतात. तास आणि सुट्टीचा अन्याय खराच आहे. त्यावरचा उपाय प्रशिक्षित माणसांची संख्या वाढणे हाच. ज्याच्याकडे प्रमाणपत्र आहे तो मालकाला सोडून जाऊ शकतो, आणि जो सोडून जाऊ शकतो त्यालाच सुट्टी मिळते.

दुसरा आक्षेप बोलून दाखवला जात नाही, पण लग्नाच्या बाजारात तोच निर्णायक ठरतो: ‘पोरगा आचारी आहे’ हे सांगायला लाज वाटते. आणि मुलीबाबत याच्या उलट: ‘स्वयंपाक तर ती घरीच शिकेल, त्याला फी कशाला?’ या दोन वाक्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे, की स्वयंपाक हे बाईचे फुकटचे काम. म्हणून पुरुषाने केले तर कमीपणा आणि बाईने केले तर त्याला मोल नाही. ही समजूत मुंबईच्या गिरणगावात पन्नास वर्षांपूर्वीच मोडली गेली. गावाकडून आलेल्या गिरणी कामगारांना दोन वेळ जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात बुडालेल्या होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले, बँकेची कर्जे मिळवून दिली, आणि ‘घरचे काम’ हिशेबाच्या वहीत ‘धंदा’ म्हणून नोंदले गेले. चव तीच होती, चूल तीच होती. बदलली ती नोंद. जुन्नर-आंबेगावात बचत गटांच्या बायका आज जत्रेत, महोत्सवांत मासवडीचे स्टॉल लावतात आणि लोक रांगा लावून खातात. चार दिवसांचा स्टॉल आणि बाराही महिन्यांचा धंदा यांत जे अंतर आहे ते चवीचे नाही. ते परवाना, साठवण, किंमत आणि कर्ज यांच्या माहितीचे आहे. राज्याचे २०२३ चे ‘आई’ हे महिलांसाठीचे पर्यटन धोरण कर्जावरच्या व्याजाचा परतावा देऊ करते. पण बँकेपुढे ठेवायचा हिशेब कसा मांडायचा, हे शिकवणारे कोणी नसेल तर ते धोरण शासननिर्णयाच्या पानावरच राहते.

तिसरा आक्षेप कोविडचा. २०२० च्या टाळेबंदीत हॉटेले बंद झाली आणि बऱ्याच उशिरा उघडली; डबेवाल्यांचे डबे थांबले ते पुन्हा पूर्वीच्या संख्येने निघालेच नाहीत. मग अशा नाजूक क्षेत्रात मुलांना का ढकलायचे? या प्रश्नाचे उत्तर डबेवाल्यांच्याच अनुभवात आहे. त्यांचे कौशल्य एका व्यवस्थेत गुंफलेले होते: लोकल गाडी, कार्यालय, ठरलेली वेळ. ती व्यवस्था थांबली तेव्हा कौशल्य दुसरीकडे वापरायला जागा नव्हती. स्वयंपाकाचे तसे नाही. हॉटेल बंद झाले तेव्हा ज्यांना शिजवता येत होते त्यांच्यातल्या अनेकांनी घरून डबे सुरू केले, बेकरीचे पदार्थ विकले, विलगीकरण केंद्रांना जेवण पुरवले. सगळे तरले असे मुळीच नाही. पण इमारत बंद पडली तरी हातातली विद्या चालू राहते, हा फरक त्या वर्षाने दाखवला.

शेवटचा आक्षेप माझ्याच मांडणीतून निघतो, म्हणून तो सर्वांत धारदार. टोमॅटोसारखी सगळ्यांनी एकदम आचाऱ्याची लागण केली तर? पाच वर्षांनी गल्लोगल्ली पाककलेचे क्लास निघाले आणि आचाऱ्यांचाही भाव पडला तर? हा धोका खरा आहे, आणि जाहिरातींचा रंग पाहता तो दूरही नाही. पण डीएडमध्ये आणि अभियांत्रिकीत जाळे विणले गेले ते एका विशिष्ट कारणाने: जागा किती, हे फी घेणाऱ्याने ठरवले, काम देणाऱ्याने नव्हे. उमेदवारीच्या पद्धतीत जागा भटारखाना ठरवतो. ज्या हॉटेलाला, उपाहारगृहाला, बेकरीला माणूस हवा आहे तेच शिकाऊ घेणार. मागणी उतरली की पुढच्या वर्षी जागा आपोआप कमी होणार. शिवाय शिक्षण एक-एक वर्षाच्या टप्प्यांचे आहे, चार वर्षांचा जुगार नाही. चूक झालीच तर ती टोमॅटोच्या हंगामाएवढी होईल. उसाच्या खोडव्यासारखी वर्षानुवर्षे पाय धरून बसणार नाही. म्हणून माझी मागणी ‘आणखी कॉलेजे काढा’ ही नाही. ती याहून लहान आणि याहून अवघड आहे.

अवसरी खुर्दला २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अभियंते घडवायला सरकार आंबेगावच्या माळावर येऊ शकते, तर आचारी घडवायला जुन्नर-घोडेगावच्या आयटीआयमध्ये एक सुसज्ज स्वयंपाकघर आणि वर्षाला वीस-वीस मुलांच्या दोन तुकड्या ही काही अवाजवी अपेक्षा नाही. त्या चाळीसांची उमेदवारी आधी ठरावी: महामार्गावरच्या हॉटेलमालकांनी, चाकणच्या उपाहारगृहांच्या कंत्राटदारांनी, देवस्थानांच्या भक्तनिवासांनी जागा लिहून द्याव्यात आणि मगच प्रवेश उघडावेत. बाजार समितीने उरलेला, भाव न मिळालेला माल सरावासाठी द्यावा; टोमॅटो रस्त्यावर ओतण्यापेक्षा तो मुलांच्या कढईत गेलेला बरा. घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्पाने पश्चिम पट्ट्यातल्या आश्रमशाळांच्या मुलामुलींसाठी त्यातल्या काही जागा राखाव्यात. नाचणी, वरई, आंबेमोहोर आणि पावसाळी रानभाज्या यांची जाण त्यांच्या घरात आहे, आणि शहरातली हॉटेले आज त्याच पदार्थांना ‘पौष्टिक’ म्हणत मोठ्या किमतीला विकतात. आणि अभ्यासक्रमात मासवडी असावी, पण शिकवणारी म्हणून गावातली एखादी मावशी असावी. तिला मानधन मिळावे आणि तिच्या हातातल्या अंदाजाला वजनकाट्यावर आणून तो लिहून काढण्याचे काम मुलांनी करावे. त्यातच दोघांचेही शिक्षण आहे.

पालकांसाठी गणित सोपे आहे. शेत निवडताना आपण माती बघतो, पाणी बघतो, बाजार किती लांब ते बघतो; आणि एवढे करूनही सगळे रान एकाच पिकाखाली घालत नाही. मुलाच्या आयुष्याचा निर्णय निदान तेवढ्या काळजीने व्हावा. कोणते क्षेत्र वाढते आहे, हे वर्तमानपत्राने सांगायचे आणि आपण मुकाट्याने त्या रांगेत जाऊन उभे राहायचे, हा क्रम उलटा करून पाहावा. आपल्या मुलाचे हात कशात रमतात, आपल्या गावातून काय जाते आणि काय येते, आणि त्या येण्या-जाण्यात मोल कुठे वाढते, हे आधी पाहावे. नारायणगावच्या बाजारातून रात्री टोमॅटोने भरलेले ट्रक निघतात तेव्हा ते महामार्गावरच्या हॉटेलांच्या दिव्यांसमोरून जातात. त्या दिव्यांमागे, भट्टीपुढे कोण उभे आहे, हा प्रश्न जून महिन्यात घरात विचारला गेला पाहिजे. टोमॅटो किती लावायचा या प्रश्नाच्या शेजारीच.